पेरणी लागली की स्वयंसेवक पांगतात. गावातली पाण्याची टीम कशी घडवायची?

काळीमाती (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमचं गाव दीडशे-पावणेदोनशे घरांचं. दोन वर्षांपासून गावानं पाणी-मातीचं काम हाती घेतलं आहे. नाल्यावर दगडी बांध झाले, माळावर समतल चर झाले, शाळेमागे करंज-कडुलिंबाची रोपं लावली. मी या गावची सून. बचत गटाचे हिशेब लिहिते, म्हणून "ताई, तुमीच सांभाळा" म्हणत हे कामही माझ्याकडे आलं.

अडचण आहे ती माणसांची. मार्चमध्ये समाजमंदिरात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. बाहेरून शिकवणारे आले होते, पडद्यावर फोटो दाखवले, जेवण होतं, टोप्या वाटल्या. पोरं-पोरी भरपूर आल्या. एप्रिलच्या उन्हात चर खोदायला त्यातली निम्मी आली. मिरग लागला, पेरणी सुरू झाली आणि मग कोणी फिरकलंच नाही. दोघं पुण्याकडे कंपनीत लागले, एका पोरीचं लग्न ठरलं. जे उरले ते मनापासून म्हणतात, "ताई, आता काय करायचं ते सांगा, करतो." पण मी सांगेपर्यंत थांबतात. मी चार दिवस माहेरी गेले तर रोपांना पाणी कोणी घालायचं हेही ठरत नाही.

मला विचारायचं ते असं. या लोकांना नेमकं काय शिकवावं? वर्षात कधी शिकवावं, कारण आमच्याकडे रिकामा महिना असतोच कुठे? मानधन द्यावं का? आणि गावात दोन पार्ट्या आहेत, त्यांचं काय करावं? ज्यांनी स्वतः गावात माणसं तयार केली आहेत त्यांनी लिहावं ही विनंती.

आर्वीकर (जि. वर्धा)

ताई, "काय करायचं ते सांगा" हे वाक्य मी फार ऐकलं आहे आणि माझ्या मते गोम तिथंच आहे. पोरं आळशी नाहीत. त्यांना आपण श्रमदान दिलं, जबाबदारी दिली नाही. घमेलं उचलायला प्रशिक्षण लागत नाही, आणि खोदकाम संपलं की घमेलं उचलणाऱ्याचं कामही संपतं. पण ज्याच्याजवळ गावाला लागणारी एखादी माहिती आहे आणि ती ठरल्या दिवशी गावासमोर त्यालाच सांगायची आहे, तो भर पेरणीतही अर्धा तास काढतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच की स्वयंसेवकाला ग्रामसभेच्या दिवसासाठी तयार करा. बाकी सगळं त्या दिवसापासून मागे मोजत या.

आमच्याच तालुक्यातल्या काकडदऱ्यानं २०१७ च्या वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत राज्यात पहिला नंबर काढला. आधी निवडक गावकऱ्यांना निवासी प्रशिक्षण, मग ४५ दिवसांची स्पर्धा, आणि झालेल्या कामाचं टेप लावून मोजमाप. माणसं कशी पेटून कामाला लागतात ते तेव्हा आम्ही डोळ्यांनी पाहिलं. त्यातली मोजमापाची गोष्ट मी आजपर्यंत धरून ठेवली आहे. स्पर्धा दरसाल येत नाही, पण विहीर रोज तिथंच असते.

आम्ही शिवारातल्या काही विहिरी निवडल्या. काही नाल्याकाठच्या, काही मधल्या, काही वर माळाला लागून. प्रत्येक विहिरीच्या काठावर ऑइलपेंटनं लाल खूण केली. माप त्याच खुणेवरून घ्यायचं, दुसरीकडून नाही. गवंड्याचा ओळंबा टेपला बांधायचा, टेपच्या खालच्या दोन-तीन हातांना शाळेतला खडू घासायचा आणि हळूहळू सोडायचं. ओळंबा पाण्याला लागल्याचा आवाज आला की आणखी थोडा सोडायचा आणि खुणेपाशी टेपचा जो आकडा येईल तो पूर्ण मीटरवर धरून लिहायचा, समजा ७ मीटर. मग टेप वर ओढून बघायचं, खडू कुठपर्यंत भिजला आहे. समजा ५५ सेंटिमीटरपर्यंत भिजला, तर खुणेपासून पाणी ६.४५ मीटरवर. त्यातून कठड्याची उंची, समजा ०.८५, वजा केली की जमिनीपासून ५.६० मीटर. नवीन पोरगं पहिल्यांदा कठड्याची उंची वजा करायला विसरतंच. विसरू द्या. दुसऱ्याचा आकडा आणि त्याचा आकडा जुळत नाही म्हटल्यावर तो स्वतः शोधून काढतो, आणि मग जन्मात विसरत नाही.

माप सकाळी, मोटर लागायच्या आधी. आपल्याकडे शेतीची लाइन कधी दिवसा, कधी रात्रपाळीला. रात्रभर मोटर चालली असेल तर सकाळचं पाणी खाली गेलेलं असतं आणि तो आकडा फसवा. म्हणून वहीत एक रकाना 'मोटर शेवटची कधी बंद झाली' याचा ठेवा. तो रकाना भरण्यासाठी पोराला शेतकऱ्याशी बोलावं लागतं, आणि मला विचाराल तर अर्धं प्रशिक्षण त्या बोलण्यातच आहे. सोबत शाळेच्या आवारात पर्जन्यमापक, पाऊस रोज सकाळी साडेआठला लिहायचा. सरकारी केंद्र महसूल मंडळात एखादं असतं, आणि आपल्याकडे वरच्या शिवारात पडलेला पाऊस खालच्या शिवारात नसतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता ग्रामसभेचं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. या चार तारखा लहान पोरालाही पाठ असतात. त्यातली २ ऑक्टोबरची सगळ्यात मोलाची, कारण सोयाबीन निघायच्या बेतात असतं आणि रब्बीचं बियाणं अजून घ्यायचं असतं. त्या दिवशी विहिरींचा आकडा समोर आला तर गहू की हरभरा हे त्यावर ठरू शकतं. गव्हाला पाच-सहा ओलीत (पाण्याच्या पाळ्या) लागतात, हरभऱ्याचं दोन-तीनमध्ये भागतं. एका एकराला सहा सेंटिमीटरचं एक ओलीत म्हणजे जवळपास २ लाख ४० हजार लिटर पाणी. हा गुणाकार पोरांकडून फळ्यावर करून घ्या. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, हेही. तुमचं शिवार ५०० हेक्टर असेल आणि ८०० मिलिमीटर पाऊस झाला तर ४०० कोटी लिटर पाणी गावावर पडलं. मग पोरं आपणहून विचारतात, "मंग गेलं कुठी?" त्या प्रश्नानंतर चर, बांध, उडून गेलेलं पाणी, वाहून गेलेलं पाणी, सगळं शिकवा. त्याआधी शिकवलेलं राहत नाही. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवार आणि गावकरी वर्षानुवर्षं पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, ते याच आधारावर.

आमच्या गावात एका ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एक सून वही घेऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरत, खाली बघतच तिनं विहिरींचे आकडे वाचले. मागून एक म्हातारे काका म्हणाले, "हे ठीक आहे बाई, पण मागल्या साली याच दिवसात किती होतं?" तिनं पान उलटलं आणि सांगितलं, "मागल्या साली चार मीटर दहा, यंदा पाच मीटर साठ. दीड मीटर खाली आहे काका." सभा एकदम बोलायला लागली. कोणी म्हणे नाल्याकाठचे घेतील गहू, आम्ही वरचे कशाला घेऊ. कोणी म्हणे हरभऱ्याला डुकरं फार. गावानं ठराव वगैरे काही केला नाही. पण त्या साली वरच्या शिवारात गहू कमी दिसला, आणि दुसऱ्या दिवशी त्या सुनेच्या घरी माणसं आपल्या विहिरीचं माप विचारायला आली. तेव्हापासून तिला कोणी 'आता काय करायचं' हे सांगावं लागलं नाही. ती बोलण्याआधी महिला सभेत आम्ही तिला तेच आकडे एकदा वाचायला लावले होते, ते मात्र जरूर करा. महिला सभा ग्रामसभेच्या आधी व्हायचीच असते, ती कागदावर न उरकता खरंच भरवा. बाईमाणसाचा आवाज तिथं मोकळा होतो.

माणसं कोण घ्यावी? माझं मत स्पष्ट आहे, सुना घ्या. लेकी जातात, पोरं पुण्या-नागपूरला जातात, सुना गावात राहतात. शिवाय पाण्याचा त्रास पहिला त्यांनाच. प्रत्येक सुनेसोबत एक शाळकरी पोरगं किंवा पोरगी जोडून द्या, टेप धरायला दोन माणसं लागतातच. आणि नेम असा ठेवा की जो शिकला त्यानं पुढच्या मापाच्या वेळी टेप दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण फक्त बाजूला उभं राहायचं. पुण्याला जाणारा पोरगा जाताना आपली जागा भरून जातो.

वेळेचं म्हणाल तर मार्च-एप्रिलचा मोह सोडा. मार्चमध्ये हरभरा-गव्हाची काढणी, मेमध्ये ऊन आणि लग्नं, जूनमध्ये पेरणी, सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा) झाली की बायामाणसं कापसाच्या वेचणीत. आपल्याकडे खरी फट असते ती पोळा झाल्यावर, सोयाबीन यायच्या आत. आणि दिवसभराचं शिबिर नकोच. दुपारचे दोन तास, विहिरीवर. समाजमंदिरात बसवलं की शाळा सुटल्याची वाट बघितली जाते.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ज्या कामाला रोजगार हमीत मजुरी मिळते ते काम श्रमदानाच्या नावावर फुकट करून घेऊ नका. चर ज्याच्या वावराजवळ पडतो त्याला पाणी मिळतं, खोदणारा बहुतेक वेळा भूमिहीन असतो. त्याचा रोज बुडवून गावाचं पर्यावरण सुधारायचं, हे मला पटत नाही. स्वयंसेवकांना मोजायला, आखणी करायला, कामाची मागणी लेखी द्यायला शिकवा. खोदणाऱ्याला मजुरी मिळवून द्या.

पूर्णाकाठ (ता. दर्यापूर, जि. अमरावती)

आर्वीकर भाऊंचं बहुतेक पटलं. पण वाचणाऱ्यांनी आपापली जमीन बघून शिकवावं, एवढं जोडतो. आमचा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेच्या खोऱ्यातला हा भाग. इथं जमिनीखालचं पाणी खारं आहे. ते पाणी ओलिताला वापरत गेलं तर काळी जमीन चिकट आणि टणक होत जाते. आमच्याकडे विहिरीत किती पाणी आहे यापेक्षा ते कसं आहे हे आधी कळावं लागतं. आणि जमिनीवर पडलेलं गोड पाणी खाली जाऊन खारं व्हायच्या आत शेततळ्यात, टाकीत साठवायचं, हे आमचं काम. बाहेरून आलेले प्रशिक्षक यवतमाळ-वर्ध्याच्या खडकातले धडे जसेच्या तसे इथं शिकवतात तेव्हा वाईट वाटतं. पोरं ऐकून घेतात आणि घरी आल्यावर बाप म्हणतो, "हे आपल्या इथलं नाही."

आमच्या स्वयंसेवकांच्या हातात पेनाएवढा टीडीएस मीटर असतो, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं, असं आहे. पोरांनी एका पोळ्याला घरोघरच्या हातपंपांचं आणि शेततळ्याचं पाणी मोजून आकडे मारुतीच्या पारावर लिहिले. त्यानंतर छतावरचं पाणी धरायला टाकी किती खर्चात होते, हे विचारणारे लोक आपणहून आले. मीटर मात्र अधूनमधून ठरलेल्या द्रावणात तपासून घ्यावा लागतो, नाहीतर काही महिन्यांनी तो काहीही दाखवतो. हे तपासणंही एकाच पोराकडे जबाबदारी म्हणून दिलं आहे.

मानधनावर आर्वीकर भाऊ काही बोलले नाहीत. माझं मत द्यावं असं आहे. भूमिहीन घरातली पोरगी एक दिवस आमच्यासोबत फिरली तर तिच्या घरी निंदनाचा रोज बुडतो. तिनं फुकट फिरावं आणि दहा एकरवाल्याच्या पोरानंही फुकट फिरावं, यात सारखेपणा नाही.

झाडीपट्टी (ता. साकोली, जि. भंडारा)

आमच्याकडची गोष्ट वेगळी, पण तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आमच्याकडे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले माजी मालगुजारी तलाव, लोक मामा तलाव म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो आहेत. काळीमाती ताईंच्या प्रश्नात एक गोष्ट नाही आणि मला तीच सर्वात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे शिकवणार कोण.

तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना (शेतांना) वाटणारा पाणकर असतो. कोणत्या बांधीला आधी, कोणाला रात्री, तुडुम (पाणी सोडायचं दार) किती उघडायचं, हे त्याच्या डोक्यात असतं. मासा कधी चढतो, कोणत्या गवतात अंडी घालतो, हे ढिवर (मासेमार) बाया-माणसांना माहीत. आमच्या तलावातली बेशरम (पाण्याकाठी माजणारं झुडूप) काढायची ठरली तेव्हा उत्साही पोरांनी विळ्यानं वरून कापली, पावसानंतर दुप्पट फुटली. म्हाताऱ्या ढिवर काकू काठावरून बघत होत्या. त्यांनी पाणी उतरल्यावर मुळासकट उपटून, काठापासून दूर वाळवून जाळायला लावली, कारण ओली कांडी ओलाव्यात पडली की पुन्हा जगते. त्या दिवसापासून आमच्या टीमच्या प्रशिक्षक त्या काकू. त्यांना आम्ही खुर्चीवर बसवून व्याख्यान द्यायला सांगत नाही. पोरं त्यांच्यासोबत डोंग्यात जातात. पावसाळ्यात जोराचा पाऊस झाला की पोरं जोडीनं पाळीवरून (तलावाच्या बांधावरून) फिरतात, खेकड्यांची बिळं आणि झिरपा शोधतात. कुठं बघायचं हे पाणकर काकांनी दाखवलेलं असतं.

म्हणून ताई, तुमच्या गावातल्या सासूच्या वयाच्या बायांना विद्यार्थी म्हणून बोलावू नका, शिकवायला बोलावा. आणि मानधनाबद्दल पूर्णाकाठ भाऊंशी सहमत आहे, त्यात भर एवढीच की शिकवणाऱ्या म्हाताऱ्यांनाही द्या. बाहेरच्या साहेबाला जाण्या-येण्याचा खर्च आपण देतोच ना.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघून या. २००९ मध्ये त्यांना जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं अभ्यासगट चालू होते. बाहेरचे आणि गावातले सोबत बसून एखादा विषय समजून घेतात, तिथं कोणताही निर्णय करत नाहीत. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीनं. समजून घेण्याची जागा वेगळी आणि ठरवण्याची वेगळी असल्यामुळे नवीन माणसाला बिनधास्त प्रश्न विचारता येतो. आमच्या तलावाच्या गटानं रोवणी आटोपल्यावर असाच अभ्यासगट सुरू केला आहे.

काळीमाती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं मी घरी वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या विहिरीत कोणत्या साली उन्हाळ्यात झरा दिसला ते मले सगळं आठवते, पण इचारलं कोणं?" तर पहिल्या प्रशिक्षक घरातच सापडल्या.

दोन शंका राहिल्या. विहीर मोजायला गेलो की लोक म्हणतात, आज मोजता, उद्या उपसा बंद करायला लावाल. आणि पार्ट्यांचं कोणी लिहिलं नाही. एका पार्टीच्या विहिरी जास्त घेतल्या तर दुसरी पार्टी आकडेच खोटे म्हणेल. आमच्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूकही जवळ आहे.

आर्वीकर

मानधनाबद्दल दोघांचं बरोबर आहे. रोज बुडतो त्याला रोज द्यावा, आणि ते पैसे कोणाला दिले हे ग्रामसभेत वाचून दाखवावं. माझा आग्रह फक्त एवढा की पैसे हजेरीचे देऊ नका, पूर्ण झालेल्या मापाचे द्या.

उपशाच्या भीतीवर उपाय असा की फळ्यावर मालकाचं नाव लिहू नका, विहिरीला नंबर द्या. कोणत्या नंबरची विहीर कोणाची हे गावाला कळतंच, पण नाव लिहिलं नाही की माणसाला आपल्यावर बोट ठेवल्यासारखं वाटत नाही. पहिलं माप मालकाच्या हातानं घ्या. टेप त्याच्या हातात, वही तुमच्या हातात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजत आलीच आहे, त्यातून आमच्याकडे कोणाची मोटर बंद झाली नाही, हेही सांगा. तुम्हीही त्याच महिन्यांत माप ठेवलं तर तुमच्या आकड्यांची सरकारी आकड्यांशी तुलना होते.

पार्ट्यांसाठी आधी शिवारफेरी काढा. उताराप्रमाणे वरची, मधली, खालची अशी शिवाराची तीन भागांत वाटणी दोन्हीकडच्या लोकांसमोर करा आणि प्रत्येक भागातून विहिरी तिथंच उभं राहून ठरवा. मग मापाच्या जोड्या लावताना एक माणूस या पार्टीचा, एक त्या पार्टीचा. एक टेप धरतो, दुसरा वाचतो, वहीवर सही दोघांची. निवडणुकीच्या महिन्यात कोणताही उमेदवार टेप हातात घेऊन फोटो काढणार नाही, हे आधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

आता डवरणी चालू असेल तुमच्याकडे, माणसांना सवड नाही. सासूबाईंना घेऊन विहिरी तेवढ्या बघून या आणि प्रत्येकीच्या कठड्याची उंची लिहून ठेवा. पोळा झाला की पहिलं माप, सप्टेंबरच्या शेवटी दुसरं. २ ऑक्टोबरच्या सभेत बोलायला प्रत्येक विहिरीचे दोन आकडे हाताशी असतील, पहिल्या वर्षाला ते पुरेत. टेप तीस मीटरचा घ्या. स्टीलचा मिळाला तर उत्तम, कापडी टेप भिजला की ताणतो.